उताऱ्यावर किती लिहावं?

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एक जुना सातबारा आहे. आमचा बेळगावकडचा खानापूर तालुका मुंबई राज्यात होता तेव्हाचा, म्हणजे १९५६ च्या आधीचा, मराठीतला. त्यावर आधीच्या खातेदाराचं नाव खोडलेलं नाही. नावाला कंस केलाय, खाली आजोबांचं नाव आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. खरेदी झाली की वाटणी, नोंद मंजूर कधी झाली, हे सगळं गाव नमुना सहाच्या वहीत. उताऱ्यावर त्या वहीकडे नेणारा आकडा तेवढा.

वीसेक वर्षं प्रोग्राम लिहितोय. फाइलच्या माथ्यावर काय लिहावं, याचं याहून चांगलं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

मार्क रॉककाइंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं एससीसीएस लिहिलं, तेव्हापासून ही सोय आहे: फाइलमध्ये खुणेचा शब्द ठेवायचा, फाइल बाहेर काढताना त्या जागी आवृत्तीचा क्रमांक आपोआप भरला जातो. पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केलं. त्यात दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये ‘आयडी’ लिहिलं की फाइलचं नाव, आवृत्ती, तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याचं नाव उमटायचं. ती ओळ कोडमध्ये स्ट्रिंग म्हणून ठेवली, तर तयार प्रोग्राममधूनसुद्धा ‘आयडेंट’ कमांडने वाचता यायची. हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

घोळ केला तो ‘लॉग’ या खुणेने. तिच्यामुळे प्रत्येक बदलाची टीप फाइलच्या डोक्यावर साठत जाते. दोघांनी वेगवेगळ्या शाखांवर काम केलं, कोडमध्ये एकमेकांच्या वाटेला कुणी गेलं नाही, तरी जोडताना वरच्या इतिहासावरून कॉन्फ्लिक्ट ठरलेला. नमुना सहाची अख्खी वही उताऱ्यावर उतरवण्यासारखंच हे.

२००५ मध्ये आलेल्या गिटने ही वाट जवळजवळ बंदच केली, आणि त्याला सबळ कारण आहे. गिटमध्ये कमिटची ओळख म्हणजे हॅश, आणि त्याच्या हिशेबात फाइलींचा मजकूर येतो. तोच हॅश मजकुरात लिहिला की मजकूर बदलला, म्हणजे हॅशही बदलला. गिटमध्येही ‘आयडेंट’ नावाची सोय आहे, पण ती म्हणून त्या एका फाइलच्या मजकुराचा हॅश देते. कुणी, कधी, हे सांगत नाही.

मग शिक्का नकोच का? हवा. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मला हे पटलं. मोळी बांधायच्या वाढ्याची वजावट काढणाऱ्या फाइलवर हाताने लिहिलेलं होतं: आवृत्ती ३.२. आमच्याकडच्या प्रतीवरही तेच. दोन्हींचे हिशेब मात्र जुळेनात. काट्यावर कुणीतरी एक ओळ बदलली होती आणि माथा तसाच ठेवला होता. खाली ट्रॅक्टरांची रांग, आणि मी दोन प्रती शेजारी-शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतोय. हाताने लिहिलेल्या आवृत्तीवर त्या दिवसापासून माझा विश्वास नाही.

शिक्का कधी हवा, याचा दाखलाही जवळच आहे. आमच्याच तालुक्यात हलशीला सापडलेल्या कदंबांच्या ताम्रपटांवर राजाचं नाव आहे, दान कुणाला ते आहे, काहींवर राज्यारोहणाचं कितवं वर्ष तेही आहे. पट दफ्तर सोडून दान घेणाऱ्याच्या घरी जाणार, तिथे त्याच्या वतीने बोलायला दुसरं कोण? दफ्तरात असलेल्या फाइलला हे ओझं नको. दफ्तर सोडताना मात्र शिक्का बसलाच पाहिजे, आणि तो यंत्राने मारलेला हवा. गिटमध्ये ‘एक्सपोर्ट-सब्स्ट’ नेमकं हेच करतं: आर्काइव्ह बाहेर काढताना कमिटचा हॅश आणि तारीख भरून देतं.

माझ्या फाइलींवर आता दोनच ओळी असतात, हक्क कुणाचा आणि परवाना कोणता. बाकी बिल्डच्या वेळी ‘गिट डिस्क्राइब’कडून आवृत्ती घेतो आणि ती प्रोग्राममध्ये जाते. कुणी न नोंदवता कोड बदलून बिल्ड केलं, तर त्यापुढे ‘डर्टी’ असा शब्द लावायला सांगून ठेवलंय. वजनाच्या पावतीच्या तळाशी ती बारीक अक्षरांत छापली जाते. गळीत हंगामात रात्री काट्यावरून फोन आला, की मी आधी म्हणतो, “दादा, पावतीवरची खालची ओळ वाचा.”