खण कोण ओढणार, ते आधी विचारा

घरात लाकडी कपाट करायचे ठरले की सगळी चर्चा लाकडाची होते. साग परवडेल का, बांधावरचा आंबा चालेल का, दारे किती, रंग कोणता. खण कशावर सरकणार, हे मात्र कोणी विचारत नाही. पण भगिनींनो, करणारा कपाट करून मोकळा होतो. खण ओढायचा असतो आपल्याला, रोज दहा वेळा, पुढची वीस वर्षे. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आमच्याकडे ह्यांनी आणि धाकट्या भाऊजींनी घरीच कपाट केले. पडलेल्या आंब्याच्या फळ्या वर्षभर सावलीत वाळवल्या होत्या. खण तीन. मी म्हटले, तिन्हींना एकच सामान आणू नका. कोणत्या खणात काय राहणार आणि तो कोण उघडणार, ते आधी ठरवू या.

वरचा खण कागदपत्रांचा. खरेदीखत, पासबुके, मुलांचे दाखले. वजन थोडे, उघडणे महिन्यातून चार वेळा. त्याला लोखंड कशाला? दोन्ही बाजूंना कठीण लाकडाच्या गुळगुळीत पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवर मेणबत्ती घासली. तेल लावू नये, त्यावर धूळ बसून चिखल होतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणजे खणाच्या बाजूच्या फळ्या उंचीला वाढतात. वैशाखात घट्ट बसवलेला खण श्रावणात अडतो. म्हणून वर निदान एक सूत जागा सोडावी.

खालचा खण डाळी-कडधान्यांचा. तो आतून ४५ सेंटिमीटर लांब, ३८ रुंद आणि २० खोल आहे. म्हणजे ३४ लिटर जागा झाली. डाळीने भरला तर सव्वीस-सत्तावीस किलो, शिवाय खणाचे स्वतःचे वजन. इथे लाकडी पट्टी नको. दुकानात दोन तऱ्हेची चॅनेल मिळतात. प्लॅस्टिकच्या चाकांचे रोलर चॅनेल स्वस्त, कपड्यांच्या खणाला पुरेसे. पण खण पूर्ण बाहेर येत नाही, मागचा भाग आतच राहतो. दुसरे टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या आणि मधे छर्रे. त्यावर खण पुरा बाहेर येतो. ४५ मिलिमीटर रुंदीची जोडी साधारण ३५ ते ४५ किलो पेलते. पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्यावी. खालच्या खणाला आम्ही तीच लावली.

खरा वाद झाला मधल्या खणावरून. तो सासूबाईंचा. त्यात औषधे, चष्मा, जपमाळ, दोन लुगडी. वजनाच्या हिशेबाने रोलर पुरे होते आणि भाऊजींचे म्हणणे तेच होते. पण सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडली आहेत. मागे गेलेली गोळ्यांची बाटली चाचपडत काढणे त्यांना जमत नाही. मी हट्ट धरला की इथेही टेलिस्कोपिकच हवे, आणि मूठही बोटांत धरायची नको, चार बोटे मागून घालता येतील अशी लांब लाकडी हवी. पैसे जास्त गेले खरे. पण आता रात्रीची गोळी त्या स्वतः काढून घेतात, कोणाला उठवत नाहीत. ज्या बाईने उभा जन्म सगळ्या घराला वाढले, तिला स्वतःच्या औषधासाठी हाक मारावी लागणे किती जड जाते, ते तिलाच ठाऊक.

आता मापाचे. चॅनेल दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळते. कपाटाची आतली खोली १७ इंच असेल तर १६ इंची घ्या. चॅनेलला दर बाजूला अर्धा इंच लागतो, म्हणून खण कपाटाच्या आतल्या मापापेक्षा एक इंच अरुंद करावा. फट केसभर जास्त झाली तर पुठ्ठ्याची पट्टी घालता येते. कमी झाली तर खण अडकतो. सामान आधी आणावे, खण मग कापावा. स्क्रू पहिल्यांदा लांबट भोकांत मारावेत, खण सरळ चालतो का पाहावे, मगच गोल भोके पक्की करावीत. मळणीच्या दिवसांत धूळ छर्ऱ्यांत जाते, तेव्हा कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसत जा. आणि युरियाची पिशवी अशा खणात कधी ठेवू नका. ती ओल धरते आणि लोखंड गंजते.

तुमच्या घरी कपाट करायला घेतील तेव्हा सुताराला एक दिवस थांबवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचे हात पाहा आणि मग दुकानात जा.