भोंग्यातला पिंजरा

१९७२च्या ‘पिंजरा’ सिनेमाची रेकॉर्ड आमच्या लोह्यात कुणाकडं होती, असं आज साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. तो भोंगेवाल्याचं नाव सांगेल. दुसऱ्या कुणाकडं ती असायचं कारणच नव्हतं. फोनो असलेली घरं गावात मोजकी, आणि तिथंही लावणी वाजवायची म्हणजे आधी वडीलधारं माणूस गावाला गेलेलं असावं लागे. तरी गाणी गावभर पाठ होती. तबकडी हातात न घेता, तिचं कव्हर न बघता, तिला किती बाजू असतात हेही ठाऊक नसताना तिच्यावर जन्मभर जीव लावलेली माणसं आमच्याकडं पुष्कळ आहेत. मी त्यांतलाच.

जगात त्याच सुमाराला निघालेल्या दुसऱ्या तबकड्यांवरही लोक असाच जीव टाकतात. डीप पर्पलची ‘मशीन हेड’ १९७२ची. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ची. माझा पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहिला आणि तिथून या दोन्हींचा नाद घेऊन आला. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गाणी, पण तो त्यांच्याबद्दल आजोबांच्या थाटात बोलतो. ‘डार्क साइड’ म्हणे मधूनच ऐकायची नसते. दिवा मालवायचा, कानात घालायचं आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत हलायचं नाही. गाण्यांचा क्रम मोडला की त्याला ते पाप वाटतं. आमच्या ‘पिंजरा’चा क्रम भोंगेवाल्याच्या मर्जीवर होता. नवरदेव वेशीवर आला की छबीचं गाणं, पंगत बसली की उचकीचं, आणि मुलगी सासरी निघाली की, त्याचा काही राग असेल तर, नशिबानं मांडलेल्या थट्टेचं.

ही गाणी मुळात उभी राहिली ती तीन-चार पक्क्या माणसांवर. चित्रपट व्ही. शांतारामांचा, संगीत राम कदमांचं, शब्द जगदीश खेबूडकरांचे. बाईचा आवाज बहुतेक ठिकाणी उषा मंगेशकरांचा आणि फडातल्या गड्याचा विष्णू वाघमाऱ्यांचा. खेबूडकर पेशानं शिक्षक. तमाशाच्या नादानं रसातळाला गेलेल्या एका मास्तरची गोष्ट, आणि तिच्यातल्या फक्कड लावण्या लिहिल्या खऱ्याखुऱ्या मास्तरनं! आमच्या शाळेतले गुरुजी वर्गात या सिनेमाचं नाव काढू देत नसत, त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. मूळ गोष्ट तर त्याहून लांबून आलेली. हाइनरिश मान या जर्मन लेखकाची १९०५ची कादंबरी, तिच्यावर १९३०चा ‘द ब्लू एंजल’, आणि तिथून ती आली ढोलकी-तुणतुण्याच्या फडात. जर्मन प्राध्यापकाचा मराठी मास्तर होताना त्याच्या अंगावर कुठं शिवण दिसत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

‘पिंजरा’ आला त्याच साली पाऊस गेला. बहात्तर म्हटलं की आमच्याकडं पुढं ‘चा दुष्काळ’ असं म्हणावंच लागत नाही. खरीप हाती लागलं नाही, रब्बी पेरायला ओल उरली नाही, विहिरींचा तळ दिसला. रेशनवर लाल मिलो आली, तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. लेकरांना सुकडी मिळायची. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी. ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं त्या घरच्या बायका पदर पुढं ओढून खडी फोडायला बसल्या. याच कामांच्या अनुभवातून पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. तेव्हा कळायचं ते एवढंच की घरातली मोठी माणसं सकाळी जातात आणि संध्याकाळी पांढरी होऊन येतात.

माझी मोठीमाय त्या वेळी नुकती नांदायला आलेली. तीही खडीवर होती. त्या दिवसांबद्दल ती फारसं बोलत नाही, आणि ‘तो जमाना चांगला होता’ असं तर तिच्या तोंडून मी कधीच ऐकलेलं नाही. पण ‘पिंजरा’चं नाव काढलं की तिला एक गोष्ट हमखास आठवते. कामाच्या जागेपासून जवळच्याच गावात लग्न होतं. दुष्काळात पंगती आटल्या, भोंगे आटले नाहीत. दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी सोडून बसलेल्या. "मिलोची भाकर कोरडी खाल्ली की उचकी लागायची बग. पाण्याचा हंडा यायला उशीर. आमी सगळ्या उचक्या द्यायलो, आन् तिकडून भोंग्यातली बाई बी उचकीचंच गाणं म्हणायली. तिला कुणाची तरी आठवण यायली म्हणून, आन् आमाला पाणी न्हाई म्हणून. हसून हसून घमेलं सांडलं माजं. मुकादम वरडायला."

खडीवरचं ऊन आणि रेकॉर्डवरची ती नटवी तक्रार, या दोन्हींची गाठ तिच्या मनात अशी पडली आहे की एक ओढलं तर दुसरं येतंच. म्हणून ‘जुन्या गाण्यांनी जुने चांगले दिवस आठवतात’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. दिवस वाईटच होते. त्यात गाणं होतं, इतकंच.

आता भोंग्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते आम्ही ज्यावर जीव लावला त्यातलं अर्धं श्रेय भोंग्याचं आहे. बैलगाडीतून ‘मशीन’ यायचं. मशीन म्हणजे तबकडी फिरवायची पेटी, अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरी, वायरींचं भेंडोळं आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या रेकॉर्डी. सुई उड्या मारू लागली की दांडीवर नाणं ठेवायचं. भोंगा निंबाच्या शेंड्याला बांधायचा आणि त्याचं तोंड पाहुण्यांच्या गावाकडं करायचं, म्हणजे लग्न आहे हे त्यांनाही कळावं. या पत्र्याच्या कर्ण्यातून खालचे, जड सूर बाहेर पडतच नाहीत. ढोलकीची घुमणारी बाजू तिथंच गळून पडायची आणि कडक बाजू तेवढी शेताशेतांतून टणटणत जायची. झांज जायची, तुणतुण्याची तार जायची, आणि उषाबाईंचा तो धारदार, किंचित नाकातला ठसका तर मैलभर तसाच्या तसा पोचायचा. राम कदमांनी भोंगा डोळ्यांसमोर ठेवून चाली बांधल्या, असं मी म्हणणार नाही. पण तमाशाचं संगीत मुळातच उघड्यावरचं. हजार माणसांच्या मागं बसलेल्यालाही ते ऐकू जावं लागतं. म्हणून भोंग्यानं त्याचं फारसं काही बिघडवलं नाही. पिंक फ्लॉइड त्याच कर्ण्यात घातला असता तर नुसती हवा निघाली असती.

शिवाय अंतर. एक किलोमीटर यायला आवाजाला तीन सेकंद लागतात. गावात दोन टोकांना दोन भोंगे असले की प्रत्येक ओळ दोनदा ऐकू यायची, एक जवळची आणि मागून तिची सावली. वारा फिरला की मधला शब्द गायब. हिवाळ्याच्या रात्री मात्र आवाज फार लांब जायचा. जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानानं ऊबदार राहते, मग वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो. हे शास्त्र मला कॉलेजात कळलं, पण शेतातल्या आखाड्यावर जागलीला झोपणाऱ्या गड्यांना ते आधीपासून माहीत होतं. कोणत्या गावात लग्न आहे, हे ते अंधारात आवाजावरून ओळखायचे.

अशी गाणी आमच्याकडं कितीतरी आधी आली आणि चित्रपट मागून आला. मधल्या काळात पोरांनी गाण्यांवरून आख्खी गोष्ट रचली होती. तिच्यात एक राजा होता, सोन्याचा पिंजरा होता, आणि शेवटी बाई घोड्यावर बसून पळून जायची. पुढं माळेगावच्या यात्रेत तंबूत सिनेमा बघितला, तेव्हा कळलं की राजा नाही, मास्तर आहे, आणि तो पुढं तमाशाच्या फडात तुणतुणं धरून उभा राहतो. मास्तर झालेल्या डॉक्टर लागूंचा तो चेहरा विसरणं शक्य नाही. (हा माणूस मूळचा कान-नाक-घशाचा डॉक्टर, आमच्या भोंगेवाल्याची आणि त्यांची गाठ पडायला हवी होती.) पण खरं सांगायचं तर आमची गोष्ट मला अजून जास्त आवडते. त्या बाईला तिथं पळून तरी जाता येत होतं.

माळेगावचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. लोह्याहून लातूरच्या रस्त्यानं निघालं की खंडोबाचं माळेगाव लागतं. तेव्हा हा सगळा भाग कंधार तालुक्यात होता. मार्गशीर्ष सरत आला की तिथं यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी बैल, घोंगड्या, भंडारा, कुस्त्या, मौत का कुआँ, आणि कनातींच्या रांगेत उभे तमाशाचे फड. प्रत्येक कनातीवर भोंगा. सिनेमाच्या तंबूवर भोंगा, पाळण्यावर भोंगा, आणि हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा आणखी एक. त्या सगळ्या गलक्यातून ‘पिंजरा’चं गाणं कानानं वेगळं काढायचं, हा आमचा खेळ होता.

चांगल्या घरची बाई तमाशाच्या कनातीत जात नसे. आजही फार जात नाहीत. पण तीच लावणी रेकॉर्डवर आली, तिला मंगेशकरांचा आवाज आणि शांतारामांचं नाव लागलं, आणि ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. जात्यापाशी, खडीवर, नहाणीत बायका ती म्हणू लागल्या. याचं सुख मला आहेच, पण त्यात एक ठसठसही आहे. फडात जन्म काढलेल्या बाईला जे मानानं कधी मिळालं नाही, ते तिची नक्कल करणाऱ्या तबकडीला अलगद मिळालं. आणि मग उलटंच झालं. प्रेक्षक फडातल्या बाईलाच ओरडून सांगू लागले, ‘पिंजऱ्यातलं होऊ द्या!’ म्हणजे जिच्याकडून घेतलं तिनंच ते परत उसनं म्हणायचं. गण, गवळण, वग हळूहळू आवळत गेले आणि सिनेमाची गाणी पसरत गेली. याचा सगळा दोष ‘पिंजरा’च्या माथी मारणं बरोबर नाही, त्याच्याआधीही सिनेमाच्या लावण्या होत्याच. पण एका फडातल्या वयस्क ढोलकीवाल्याचा चेहरा मी त्या फर्माईशीच्या वेळी जवळून बघितला आहे. त्यानं ठेका बिनचूक वाजवला आणि एकदाही वर बघितलं नाही. आता माळेगावात जिल्हा परिषद लावणी महोत्सव भरवते, व्यासपीठावर पुढारी बसतात. ‘पिंजरा’ तिथंही लागतोच.

आणि वरातीत डीजे. त्याच गाण्यांवर खालून धपधप चढवलेली असते. पूर्वी भोंग्यातून गळून पडणारा सगळा जड आवाज आता सव्याज वसूल होतो. छातीचं हाड हलतं, शब्द कळत नाहीत. पोरं नाचतात, नाचोत बिचारी. पण हे गाणं जवळ उभं राहून ऐकायचं नव्हतंच.

मागच्या दिवाळीत पुतण्यानं आपल्या आजीला, म्हणजे माझ्या मोठीमायला, ‘डार्क साइड’ ऐकवायचं ठरवलं. तिच्या कानांवर तो मोठा हेडफोन चढवला, पदर नीट केला, आणि पहिल्या ठोक्यापासून लावलं. ती शांत बसली होती. घड्याळं एकदम वाजू लागली तेव्हा दचकली. पुतण्यानं समजावलं की ती खरी घड्याळं आहेत, जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एका माणसानं ती टिपली. ‘‘कामून?’’ म्हणाली. त्याला उत्तर सुचलं नाही. मग ते बाईचं आलं. क्लेअर टॉरी नावाची ती गायिका त्यात एकही शब्द न म्हणता नुसती आळवत जाते. मोठीमायनं मान तिरकी केली आणि बराच वेळ मन लावून ऐकलं.

‘‘म्हणायली का रडायली ही?’’

‘‘म्हणायली, आजी. शब्द नाहीत त्यात.’’

‘‘लिव्हणारा मिळाला न्हाई का त्यांला?’’

तो हसला. तिनं हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. ‘‘आवाज बरा हाय बाईचा. पर हे असं कानात कोंबून मला कळंना. तू गच्चीवर लाव मोठ्यानं. मी आखाड्यावर जाऊन ऐकते.’’

‘‘शेजारचे काय म्हणतील, आजी?’’

‘‘लगीन हाय म्हणून सांग.’’