लेकीची किट बॅग

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघात क्रिकेट खेळू लागली आहेत. खेळ आला की बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट आले आणि ते भरायला किट बॅग आली. ही बॅग घेताना घरोघरी चर्चा होते, तशी आमच्याकडेही झाली. थोरला म्हणाला, "चाकांची घ्या, ओढत नेता येईल." धाकटीला टीव्हीवरच्या खेळाडूंसारखी मोठ्या नावाची हवी होती. आजीने एकच विचारले, "पोरीला एकटीला उचलंल का ती?" मला तोच खरा प्रश्न वाटला.

आमचे पुणतांबा दौंड-मनमाड मार्गावरचे जंक्शन. अहिल्यानगरला किंवा पुण्याला सामना असला की गाडी धरायची, जनरलच्या डब्यात शिरायचे, स्टेशनांचे जिने चढायचे. चाकांची बॅग फरशीवर छान धावते, पण जिन्यावर उचलावीच लागते आणि चाकांचे वजन फुकट वाहावे लागते. काळ्या मातीच्या चिखलात तर चाक फिरतच नाही. म्हणून दोन्ही खांद्यांवर अडकवायची उभी बॅग आम्ही पसंत केली. हात मोकळे राहतात, दाराची दांडी धरता येते.

दुकानात जाताना बॅट बरोबर न्यावी. सर्वांत लांब वस्तू आधी मोजायची. काश्मीरात गुलमर्गला बर्फावर घसरायची फळी घेऊन जाणाऱ्यांची पिशवी जवळजवळ माणसाएवढी लांब असते. तिथेही हिशेब हाच. क्रिकेटच्या नियमाप्रमाणे बॅट 38 इंचांपेक्षा लांब चालत नाही. आमच्या लेकीची बॅट 33 इंचांची, तिला 36 इंचांची बॅग पुरली. रेल्वेत साध्या डब्यात बरोबर न्यायच्या पेटीला 100 सेंटिमीटर लांबीची मर्यादा आहे, त्यातही ती बसते.

मग शिवण पाहावी. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथे दुहेरी, फुलीची शिवण हवी. बॅग आधी तिथेच उसवते. चेन जाड दातांची हवी. खिळ्यांच्या बुटांना वेगळा कप्पा असावा, नाहीतर ग्लोव्हज फाटतात. सगळे भरून, पाठीवर घेऊन, मुलीला दुकानात चालायला लावावे. ती वाकली तर बॅग मोठी आहे असे समजावे. नावासाठी जादा पैसे देण्यापेक्षा तेवढ्यात चांगले ग्लोव्हज येतात.

ओझ्याचा विचार आपण एवढ्या बारकाईने का करावा, याला कारण आहे. वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना सरकारी अंमलदारांचे सामान या गावाहून त्या गावाला वाहून न्यावे लागे. ती वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. ही वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडले. क्रिकेटमध्येही तेच. पाळवणकर बाळू पुण्याच्या जिमखान्यावर महिना 4 रुपयांवर खेळपट्टी तयार करीत, जाळ्या बांधीत. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात हिंदू संघातून खेळताना त्यांना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे.

आज तशी भांडी दिसत नाहीत. पण एका संघात संघाची सामायिक बॅग दरवेळी आपल्याच वस्तीतल्या दोघा मुलांकडून उचलून घेतली जात होती. आई-वडिलांनी सरांना शांतपणे सांगितले, की ही बॅग सर्वांनी पाळीने उचलावी. सरांनी पाळीचा तक्ता लावला. भांडण झाले नाही, पण विचारल्याशिवाय तक्ताही लागला नसता. आपल्या मुलांनी दमलेल्याला जरूर हात द्यावा, तो करुणेचा भाग आहे. मात्र दरवेळी तेच हात कामाला लागत असतील तर बोलले पाहिजे.

शेवटी एक किरकोळ गोष्ट. स्टेशनवर सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात. आतल्या झाकणावर नाव आणि शाळा पक्क्या शाईने लिहावी. आमच्या लेकीने हातपट्टीला निळी फीत शिवून घेतली आहे. ती लांबूनही ओळखू येते.