दारामागची पिशवी

आमच्या घरात दारामागे पिशवी नाही, असा काळ मला आठवत नाही. आधी आज्जीची कापडी झोळी होती, मग आण्णांची काळी रेक्झिनची बॅग आली, आता माझी पाठीवरची सॅक आहे. पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी गावाला निघालंय. आई सांगते, "कुणी नाही निघालं. निघायची पाळी आली तर म्हणून हाय ती."

आज्जीच्या झोळीत जोंधळ्याच्या पिठाची पुरचुंडी, मीठ, वाळलेल्या मिरच्या, सुईदोरा आणि टाचांच्या भेगांसाठी बिब्बा असायचा. हे सामान १९७२ च्या दुष्काळानं ठरवलेलं. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला तांबडा मिलो. दुष्काळ पुढे संपला, झोळी मात्र भरलेलीच राहिली. दुष्काळ माणसाला घराबाहेर काढतो, पण घाई करत नाही. काय न्यायचं, काय ठेवायचं, यावर महिना-महिना विचार करायला वेळ देतो. त्यामुळे आज्जीच्या झोळीत एकही कागद नव्हता. कागदाची तिला कधी गरजच पडली नव्हती.

सामान बांधण्यातली खरी उस्ताद माणसं मात्र मी त्याच गावात पाहिली. दसरा झाला की मुकादमाचे ट्रक येऊन उभे राहत आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्या दोघांचं पाच-सहा महिन्यांचं घर एका ट्रकच्या कोपऱ्यात बसायचं: पत्र्याची पेटी, ताडपत्री, गोधड्या, पिठाचं गाठोडं, पाण्याचे कॅन, खुराड्यासकट कोंबड्या, एखादी शेळी आणि गोधड्यांवर बसवलेलं पोर. माझी एक चुलती दरवर्षी जायची. तवा, काडेपेटी, कंदील आणि मीठ-मिरची ती सगळ्यात शेवटी ट्रकवर चढवायची. कारखान्यावर पोचायला रात्र होते, कोपी उभी राहायच्या आत पोरं भुकेजतात, तेव्हा पहिल्यांदा लागणारी वस्तू वरच पाहिजे. पुढे पुण्यात गिर्यारोहणाच्या वर्गात आम्हाला सॅक भरायचं शास्त्र शिकवलं, तेव्हा मला चुलतीच आठवत होती. २०२० च्या टाळेबंदीत लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळांवर अडकले आणि एप्रिलच्या मध्यावर सरकारनं त्यांना घरी परतायची परवानगी दिली. तेव्हाही शहरात बसून काळजी करणाऱ्यांपेक्षा या लोकांचं बिऱ्हाड लवकर बांधून झालं असणार, याबद्दल मला शंका नाही.

आण्णांच्या बॅगेचं श्रेय बिंदुसरेकडे जातं. ही नदी बालाघाटाच्या डोंगरात उगवते, बीड शहराच्या मधून वाहते आणि वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात गुरं बसलेली असतात. तिला नदी म्हणताना आम्हालाच थोडं अवघडायला व्हायचं. २३ जुलै १९८९ ला तिनं काठच्या वस्त्या धुऊन नेल्या, माणसं गेली. आम्ही तेव्हा गाव सोडून बीडमध्येच सखल भागात भाड्यानं राहत होतो. मला पाण्यापेक्षा आवाज जास्त आठवतो. दगड दगडावर घासत येतोय असा तो आवाज होता, आणि गल्लीत कुणीतरी सारखं ओरडत होतं, "पाणी यायलंय, पाणी यायलंय, वर पळा!" आण्णांनी आज्जीला पाठीवर घेतलं, आईनं मला आणि धाकट्याला दोन्ही हातांना धरलं. झोळी दारामागेच राहिली. उंचावरच्या आळीतल्या ओळखीच्या घरी ओल्या अंगानं बसल्यावर आज्जी पिठासाठी हळहळत होती आणि आण्णा रेशनकार्डासाठी. पुढचे कित्येक दिवस जिथं जावं तिथं पहिला प्रश्न तोच, कार्ड आहे का?

महिन्याभरात रेक्झिनची बॅग आली. तिच्यात खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक धुऊन, वाळवून, दुमडून त्याचं पाकीट केलेलं. आत रेशनकार्ड, सातबारा, आमचे शाळेचे दाखले आणि पोस्टाचं पासबुक. बाजूच्या खणात टॉर्च आणि आज्जीच्या दम्याच्या गोळ्या. टॉर्चचे सेल आण्णा वेगळे गुंडाळून ठेवत, आत घातले की पाझरून टॉर्च खराब होते म्हणून. हे त्यांचं मी आजही पाळते.

चार वर्षांनी त्या बॅगेचीही परीक्षा झाली आणि ती नापास झाली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे गाढ झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली पुष्कळशी दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. आम्ही तिथून शंभरावर किलोमीटर दूर होतो. भांडी वाजली आणि आम्ही अंगणात आलो, एवढंच. पण बॅग दारामागे होती आणि दाराकडे परत जायची कुणाची छाती नव्हती. पुढे कितीतरी रात्री सगळी गल्ली अंगणात झोपली. आण्णा बॅग उशाला घ्यायचे आणि चपला बॅगेला बांधायचे. अंधारात पडक्या घराजवळ अनवाणी पाय टाकणं किती धोक्याचं, हे किल्लारीहून आलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

पिशवीचा आकार सामानावर ठरत नाही, हे मला तेव्हापासून थोडंथोडं कळायला लागलं. तो ठरतो मिळणाऱ्या वेळेवर. दुष्काळ महिने देतो, त्यात बिऱ्हाड मावतं. गोदावरी काही तास देते: पैठणला जायकवाडीचे दरवाजे उचलले की आमच्या गेवराईच्या काठाला पाणी चढेपर्यंत ट्रॅक्टरची एक खेप होते. बिंदुसरा दहा-पंधरा मिनिटं देते, तेवढ्यात एक बॅग. भूकंप काहीच देत नाही, तेव्हा उशाशी असेल ते आपलं. एकाच घरात या चारही पिशव्या लागतात, एवढाच काय तो बीडकरांचा थाट.

पुण्यात कॉलेजात असताना सह्याद्रीत फिरायचा नाद लागला आणि सॅक घेतली. तिथं शिकलेल्या पुष्कळ गोष्टी बीडला निरुपयोगी. एक मात्र सोन्याची निघाली, शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं. ही आल्प्समधली जुनी खूण आहे. ओरडून घसा बसतो, शिट्टी पोर सुद्धा तासभर वाजवू शकतं. आईला ती शिकवली तर म्हणाली, "या वयात शिट्ट्या मारू व्हय?" आता ती तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते आणि भाजीवाल्याला थांबवायच्या कामी येते.

हल्ली ऑनलाइन तयार संच मिळतात. भाच्यानं कौतुकानं एक मागवून दिला. त्यात होकायंत्र, तारेची करवत, चकमक आणि मासे धरायचा गळ होता. गोदावरीच्या पुरात गळ टाकून बसलेला माझा मामेभाऊ डोळ्यांसमोर आला आणि मी तो डबा भाच्यालाच खेळायला दिला. ही जंगलात एकटं हरवलेल्या माणसाची पिशवी. आमच्याकडे माणूस एकटा हरवत नाही, तो सगळ्या गावासकट झेडपीच्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात जाऊन पडतो. तिथं त्याला काय लागतं? गोळ्यांची पट्टी, डॉक्टरची चिठ्ठी, जुना चष्मा, सुटे पैसे, बायकांचे पॅड, बटणांचा साधा फोन, कारण तो एका चार्जिंगवर दिवस-दिवस चालतो. कागदावर लिहिलेले नंबर. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेतच, पण डिजिलॉकर फोनमध्ये आहे आणि फोन पाण्यात आहे, अशी वेळ येते. म्हणून झेरॉक्सचा एक संच प्लास्टिकमध्ये. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, ते निघायच्या वेळी घरात असतील तर घ्यायचे. कायमचे म्हणून शेंगदाणे, गूळ, फुटाणे. आणि ओआरएसची पाकिटं.

ओआरएसबद्दल मी जरा हट्टी आहे. पुरात माणूस पाण्यानं वाचतो आणि नंतर पाण्यानंच आजारी पडतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाकीट नसलं तरी लिटरभर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, आणि चमचा चहाचा. हे मी सॅकच्या झाकणाच्या आतून मार्करनं लिहून ठेवलंय.

जपानमध्ये १ सप्टेंबर हा १९२३ च्या कांटो भूकंपाचा दिवस आपत्ती निवारण दिन म्हणून पाळतात. माझा तसा दिवस मृगाच्या आधी येतो, तेव्हा मी पिशवी उघडून तपासते: मुदत संपलेल्या गोळ्या बाहेर, नवे सेल आत, शेंगदाणे पोरांना. वर्षातून एकदा पुरेसं आहे. जास्त वेळा उघडली की तिच्यातलं काहीतरी घरात वापरायला निघतं आणि परत जात नाही.

२०२५ च्या सप्टेंबरनं यातलं बरंच काही खरं करून दाखवलं. सिंदफणा फुगली, माजलगावचे दरवाजे उघडले आणि महिनाअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. २००६ च्या ऑगस्टातला अडीच लाखांचा पूर गोदाकाठी ज्यानं-त्यानं मापाला धरला होता, तोही मागे पडला. गेवराई तालुक्यातल्या काठच्या गावांत लोकांना हलवायला लागले, तेव्हा मामेभावाच्या घरी मी दिलेली पिशवी दारामागे तयार होती. कागद, गोळ्या, टॉर्च, मामीचे देवाचे टाक, सगळं. तरी तो हलेना. फोनवर मी चिडले तर म्हणाला, "आक्का, पिशवीचं झालं गं. जनावरांचं काय करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या महिन्यात मराठवाडाभर गोठ्यातल्या गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली. मोकळं जनावर उंचवट्याची वाट धरतं, पोहतं सुद्धा. बांधलेलं जागीच बुडतं. आणि भिजून फुगलेल्या सुताच्या दाव्याची निरगाठ अंधारात, गुडघाभर पाण्यात, बिथरलेल्या बैलाजवळ बोटांनी सुटत नाही. त्यानं त्या रात्री कोयत्यानं दावी तोडली, गुरं माळावर हाकलली आणि मगच ट्रॉलीत बसला.

आता त्याच्या पिशवीत माझ्या यादीत नसलेली एक वस्तू आहे, धार लावलेला विळा, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. आणि मृगापासून दिवाळीपर्यंत तो दावणीला सुरगाठच मारतो, एका हिसक्यात सुटेल अशी. याचा एक तोटा आहे. त्याच्या तांबड्या गाईला ती गाठ तोंडानं ओढून सोडायची युक्ती सापडली, ती रात्री शेजाऱ्याच्या तुरीत शिरली, आणि त्या तुरीची भरपाई किती द्यायची यावर दोन घरांची बोलाचाली अजून चालू आहे.