तापीकाठचे दहा दिवस

दर वर्षी १ जून आला की आमचा समुद्र बंद होतो. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींनी मासेमारीला जायचं नाही असा सरकारचा नियम आहे. मासळीच्या विणीचा हा काळ, आणि वाराही असा की नियम नसता तरी शहाणा माणूस बाहेर पडला नसता. वसईच्या पाचूबंदरला होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, बांबू आणि ताडपत्रीनं शाकारतात. खलाशी हिशोब घेऊन आपापल्या गावी जातात. बाहेरच्यांना वाटतं, कोळ्यांना आता दोन महिने आराम. पण जाळी दुरुस्त करायची असतात, आणि कर्जाचा हप्ता काही पाऊस बघून थांबत नाही.

यंदा मात्र आम्ही दोघांनी खराखुरा आराम केला. धर्मग्रामातली कामं दुसऱ्यांवर सोपवून दहा दिवस लेकीकडे बुऱ्हाणपूरला जाऊन आलो. जावई तिथे नोकरीला आहे. तीन वर्षं लेक बोलावत होती, आणि तीन वर्षं आम्ही ‘पुढच्या बंदीत येऊ’ म्हणत होतो. हा लेख नेहमीसारखा दोघांनी मिळून लिहिला आहे. एक बोट चालवणारा, एक मासळी विकणारी. वाचताना गोंधळ नको म्हणून एकाला नाखवा म्हणू आणि दुसरीला कोळीण.

कल्याणहून गाडीत बसलं की नाशिक, जळगाव, भुसावळ करत बुऱ्हाणपूर येतं. जळगाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच केळी. गाव मध्य प्रदेशात आहे, पण बाजारात मराठी सहज चालते. निमाडी, हिंदी, उर्दू आणि आपली खानदेशी वळणाची मराठी अशी मिसळ कानावर पडते. तिच्या मागे दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो. लेक म्हणाली, सवय होते. आम्हाला पहिल्याच रात्री झाली, कारण डिझेल इंजिनच्या आवाजात झोपणाऱ्या माणसाला शांततेचाच जास्त त्रास होतो.

पण नाखवा पहाटे तीनला उठायचाच. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. जाळ्याच्या तोंडातून पाणी जोरात गेलं तरच बोंबील, जवळा, करंदी आत येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा कामाला उसंत नाही. अष्टमीच्या आगेमागे भांग येतो, पाणी मंद होतं, तेव्हा जरा अंग टेकायला मिळतं. आमचं घड्याळ भिंतीवर नसतं, आकाशात असतं. समुद्रापासून इतक्या दूर, लेकीच्या स्वयंपाकघरात, अंधारात ‘कालनिर्णय’समोर उभं राहून हा माणूस तिथी मोजत होता. लेक उठून म्हणाली, “पप्पा, इथे भरती येत नाही.” त्यावर तो म्हणाला, “इथे नसेल. तिकडे आलीच असेल.”

बाजारातली गंमत निराळी. कोळणीला कुठल्याही गावात नेलं तरी ती आधी मासळीबाजारात जाणार. तिथे रोहू, कटला, मरळ. सगळे गोड्या पाण्यातले. तिनं एकाचे कल्ले उघडून पाहिले आणि विकणाऱ्या बाईला विचारलं, “कालचा ना?” ती बाई हसली आणि दुसऱ्या टोपलीतला काढून दिला. भाषा अर्धीच कळत होती, पण कल्ल्यांचा रंग दोघींनाही वाचता येत होता. पुढच्या दिवसापासून ती हाक मारून बसायला जागा द्यायची, आणि आमची कोळीण अर्धा अर्धा तास तिच्या टोपलीशी बसून भाव ऐकायची. ह्याला आराम म्हणायचं का? ती म्हणते, हाच आराम: मासळी समोर आहे आणि ती आपली नाही.

गावात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मावा जलेबी खाल्ली. एक पुरे होते, दोन खाल्ल्या. कुंडी भंडारा पाहिला. अब्दुल रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, १६१५च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावात आणलं. वरून विहिरींसारख्या कुंड्यांची रांग दिसते. लिफ्टनं सुमारे ८० फूट खाली उतरलो, तर खाली पाणी वाहतंच आहे. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार.

तापीच्या पलीकडे, जैनाबादला, आहूखाना आहे. मुमताज महल बुऱ्हाणपुरातच गेली, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर आला होता आणि नेहमीप्रमाणे ती बरोबर होती. तिला आधी इथेच, ह्या बागेत ठेवलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळ्यांना माहीत आहे; ही पडकी जागा पाहायला फारसं कोणी येत नाही. नाखवा भिंतींचे दगड बघत होता. कोळीण म्हणाली, “चौदा. आणि तरी मोहिमेवर बरोबर.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. आम्ही तिथेच, उन्हात, एक आमच्या बाप्पा म्हटला आणि एक नमो मरिया. राणी दुसऱ्या धर्माची होती म्हणून काय झालं? बाळंतपणात गेलेली बाई होती.

पलीकडे जाताना नावेनं गेलो. पूल आहे, पण नाखव्याला नाव दिसली आणि संपलं. जून निम्मा झाला होता, पाणी अजून कमीच होतं. नावाडी सत्तरीचा असावा. बांबू रोवून नाव ढकलताना त्यानं नाखव्याचे हात पाहिले आणि विचारलं, “आप भी नाववाले?” मग काय, पलीकडचा काठ कधी आला कळलं नाही. त्याला समुद्राची मोठी उत्सुकता. नाव केवढी, माणसं किती, रात्री दिशा कशी कळते. त्यानं समुद्र पाहिलेला नाही, आणि त्याची नदी मात्र रोज समुद्राकडेच जाते. मुलताईहून निघते, इथून जळगाव जिल्ह्यात शिरते, हतनूरला अडते, उकाईला अडते आणि उरेल ते पाणी सुरतेपलीकडे आमच्या अरबी समुद्राला मिळते. नाखव्यानं हे सांगितल्यावर म्हाताऱ्यानं ओंजळभर पाणी उचलून परत नदीत सोडलं आणि म्हणाला, “जा, भाऊंच्या गावी.”

आता खरं कारण सांगतो. आम्ही नुसते फिरायला गेलो नव्हतो. बोट विकायची की नाही, हे ठरवायला गेलो होतो.

मुलगा पुण्यात कंपनीत आहे. गुणी आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो, पण होडीत पाय ठेवणार नाही हे त्यानं बारावीलाच सांगितलं होतं आणि आम्ही त्याला अडवलं नाही. नाखवा एकसष्ट वर्षांचा आहे. खलाशी भाड्याचे, दर हंगामाला नवे. डिझेल महाग, मासळी कमी, जाळ्यात प्लास्टिक जास्त. मे महिन्यात एका गिऱ्हाईकानं भाव सांगितला. भाव वाईट नव्हता. जूनअखेर कळवतो म्हणालो. लेकीचं मत स्पष्ट: “विका, आणि इकडे राहायला या.”

रविवारी तिथल्या चर्चमध्ये गेलो. बुऱ्हाणपूर खंडवा धर्मप्रांतात येतं. मिस्सा हिंदीत होती. ओळखीची प्रार्थना परक्या शब्दांत ऐकली की माणूस जास्त लक्ष देतो. मिस्सा संपल्यावर आम्ही मागच्या बाकावर बसून राहिलो. दोघांच्याही मनात एकच माणूस आला, आणि तो कुणी मोठा संत नव्हता. तो होता जब्दी.

मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात तो येतो. गालीलच्या किनाऱ्यावर येशू याकोब आणि योहानाला हाक मारतो, आणि ते बापाला होडीत, मजुरीच्या माणसांबरोबर, सोडून निघून जातात. जाळी नीट करत बसले होते सगळे. आम्ही हे लहानपणापासून ऐकलं आहे, आणि प्रवचन नेहमी मुलांवर असतं: कसे सगळं सोडून गेले! होडीत उरलेल्या माणसाचं काय, हे कुणी सांगत नाही. मार्कनं मात्र मजुरांचा उल्लेख केला आहे. ज्यानं बोट चालवली आहे त्याला ते दोन शब्द लगेच कळतात. मजूर आहेत म्हणजे मजुरी द्यायची आहे. म्हणजे त्या संध्याकाळी होडी पाण्यात जायलाच हवी होती.

जब्दी रागावला का? रडला का? लिहिलेलं नाही. त्याची बायको मात्र पुढे दिसते. मुलांना राज्यात उजवी-डावी जागा मिळावी म्हणून ती येशूकडे शब्द टाकते (कुठल्या आईनं टाकला नसता?), आणि मत्तय सांगतो की क्रुसाजवळ दुरून पाहणाऱ्या बायकांमध्ये ती होती. मग घरी कोण होतं? चूल, जाळी, मजूर, उधारी कुणी पाहिली? कोळीण म्हणाली, “त्यानंच. कुणीतरी मागे राहिलं म्हणून बाकीचे जाऊ शकले.” नाखवा म्हणाला, “किंवा त्यानं होडी विकली असेल.” “असेल,” ती म्हणाली. “तेही काही पाप नाही.”

त्या बाकावर आमचं एवढंच बोलणं झालं. विकावी की ठेवावी, याचं उत्तर शुभवर्तमानात सापडलं नाही, आणि सापडलं असं आम्ही सांगणारही नाही. पण एक ओझं उतरलं. तोवर आम्हाला वाटत होतं, बोट विकली तर चार पिढ्यांचा विश्वासघात आणि ठेवली तर म्हातारपणाचा हट्ट. दोन्हीकडून अपराधीच. जब्दीच्या शेजारी बसून पाहिल्यावर वाटलं, मुलगा गेला यात त्याचा दोष नाही, आपला नाही, आणि होडीचाही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा घाटावर गेलो. नाखव्यानं त्या नावाड्याला सरळ विचारलं, “काका, पूल झाल्यावर गिऱ्हाईक कमी झालं असेल. मुलगा?” मुलगा यंत्रमागावर. “मग नाव विकावीशी वाटत नाही?” म्हातारा जरा विचारात पडला. मग म्हणाला, “विकली तर मग सकाळी इथे येऊ कशाला?” दुसऱ्या कुणाला हे वेडेपणाचं वाटेल. नाखव्यानं उतरून त्याच्या पाया पडण्यासारखा हात केला, आणि उतारूचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मग कोळणीनं लेकीकडून आणलेलं सोडे घातलेलं लोणचं त्याच्या हातात ठेवलं. त्यानं बरणी उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आम्ही तिघंही हसलो.

परत आलो त्या आठवड्यात पाऊस धरला. २९ जूनला संत पेत्राचा सण, मिस्साला कोळीवाडा भरून आला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन केला आणि सांगितलं, ह्या हंगामात नाही, पुढच्या मे महिन्यात विचार. तो नाराज झाला नाही. म्हणाला, दुसरी बोट बघतो, भाव तोच राहील असं नाही. बरोबरच आहे त्याचं. मुलाला कळवलं तर तो थोडा वेळ गप्प राहिला, मग विचारलं, इंजिनच्या कामाला किती लागतील. अर्धे देतो म्हणाला. येतो म्हणाला नाही.

सुताराला सोमवारी बोलावलं आहे. उजव्या अंगाच्या दोन फळ्या बदलायच्या आहेत, फटींत कापूस भरायचा आहे. पालघरकडच्या दोन जुन्या खलाशांनी यायचं कबूल केलं आहे, तिसरा अजून मिळालेला नाही. कुणाच्या ओळखीत असेल तर रविवारी मिस्सानंतर आम्हाला भेटा, आम्ही डाव्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ उभे असतो.