जो ओरडला त्याला आधी

माझ्यावर तीन ठिकाणचं कर्ज होतं आणि जो जास्त ओरडला त्याचं मी आधी भरत गेलो. बाकीच्या चुका त्यातूनच निघाल्या.

सांगलीत माझा छापखाना आहे. निम्मं काम लग्नपत्रिकांचं, उरलेलं बिलबुकं आणि हँडबिलांचं. २०२० मध्ये ऐन लग्नसराईच्या तोंडावर टाळेबंदी आली आणि शिवकाशीहून मागवलेली कार्डं गठ्ठ्यातच राहिली. पुढं लग्नं सुरू झाली ती पन्नास माणसांत, आणि पत्रिका गेल्या व्हॉट्सॲपवर. रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, ती मी घेतली. त्या काळातलं व्याज चढतच राहणार, हे बँकेच्या पत्रात होतं; मी पत्र पूर्ण वाचलं नव्हतं. मग कागदाच्या व्यापाऱ्याचं बिल क्रेडिट कार्डावर भरलं आणि कार्ड थकलं तेव्हा दुसऱ्या बँकेचं पर्सनल लोन काढलं. तिसरं कर्ज जुनं, गावातल्या एका पतसंस्थेचं. त्याला दोन जामीनदार होते: माझे मेहुणे आणि माझा शाळेपासूनचा मित्र, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. त्यानं सही करताना रक्कमसुद्धा विचारली नव्हती.

हप्ते चुकायला लागल्यावर वसुलीचे फोन सुरू झाले. सकाळी सातला पहिला. "संध्याकाळपर्यंत पाच हजार टाका, नाहीतर माणूस घरी येईल." मी म्हणायचो, सोमवारी भरतो. सोमवारी पैसे नसायचे, म्हणून फोन बंद ठेवायचो. मग त्यांनी माझ्या वहिनीला फोन केला, कारण लोनच्या अर्जात ओळखीचा नंबर म्हणून मीच तिचा दिला होता. पोलीस नेतील, असंही तिला सांगितलं. कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे. चेक न वटणं ही गोष्ट वेगळी, त्यात फौजदारी होते. हा फरक तेव्हा मला माहीत असता तर निदान तिला धीर देता आला असता. मी कुठून तरी पाच हजार उभे केले आणि भरले. हे असं कितीदा झालं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. मी भरत होतो ते व्याजातच जात होतं आणि मुद्दल जागेवर होतं.

पतसंस्थेतून कुणी ओरडलं नाही. तिथून पत्रं यायची, साध्या पाकिटातून, आणि मी ती ड्रॉवरमध्ये टाकायचो. गावातलीच माणसं आहेत, थांबतील, असं मी धरून चाललो होतो. पुढं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकांपुढं सुनावणी असल्याची नोटीस आली. त्या तारखेला मी गेलो नाही. जाऊन हिशेब मागायचा, हप्ते पाडून मागायचे, जी काही हरकत असेल ती सांगायची, ती जागा तीच होती. वसुली दाखला निघाल्यानंतर त्याच्याविरुद्ध वर दाद मागायची तर येणे रकमेचा निम्मा हिस्सा आधी संस्थेत भरावा लागतो. निम्मी रक्कम माझ्याकडं असती तर दाखला निघालाच नसता.

या सगळ्या दिवसांत माझ्या डोक्यात दिवाळखोरीचा विचार पक्का होत होता. एकदा अर्ज टाकला की फोन बंद होतील, पाटी कोरी होईल. ऑफसेट मशीन वडिलांच्या वेळचं, त्याच्यावर बोजा नव्हता. ते आधी मेहुण्यांच्या नावावर करून ठेवावं, असंही मी ठरवलं होतं. तसा वकिलांकडं गेलो.

त्यांनी शांतपणे सांगितलं. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे, पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तुमच्यासारख्या एकट्या मालकाला अजून १९२० चाच कायदा. मुंबईत असता तर १९०९ चा. अर्ज जिल्हा न्यायालयात, मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात. अर्जाच्या आधी दोन वर्षांत काही फुकट कुणाच्या नावावर केलं असेल तर ते रद्द होऊ शकतं, त्यामुळं मशीनचा विचार सोडा. मग त्यांनी विचारलं, "जामीनदार कोण आहेत?"

मी सांगितलं.

"न्यायालयानं तुम्हाला मोकळं केलं तरी ते मोकळे होत नाहीत. तुमचं फिटलं नाही ते त्यांच्याकडून घेतील."

हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतःच्या सुटकेचा विचार करत होतो आणि ज्या दोघांनी माझ्या शब्दावर सही केली त्यांची नावंही त्या विचारात आली नव्हती. याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. धंदा बुडाल्याची वाटत नाही. त्याच आठवड्यात मित्राचा फोन आला. संस्थेच्या वसुली अधिकाऱ्याचं पत्र शाळेच्या कार्यालयात गेलं होतं आणि त्याच्या पगारातून कपात सुरू झाली होती. तो चिडला नाही. "तू एकदा सांगायचं होतंस रे," एवढंच म्हणाला. मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं त्याच्या.

अर्ज मी केला नाही. ज्याला खरोखर फेडायला काही उरलेलं नाही आणि ज्याच्यामागं जामीनदार नाही, त्यानं दिवाळखोरीचा रस्ता जरूर धरावा; त्यात कमीपणा नाही, कायदा त्यासाठीच आहे. माझी गोष्ट तशी नव्हती. माझ्याकडं मशीन होतं. ते मिरजेच्या एका छापखान्याला विकलं आणि पतसंस्थेच्या एकरकमी परतफेड योजनेत ते खातं बंद केलं. दाखला रद्द झाल्याचं पत्र मी स्वतः शाळेत नेऊन दिलं.

वसुलीवाल्यांचं काम त्या मानानं सोपं निघालं, आणि ते मी पहिल्याच महिन्यात करू शकलो असतो. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट म्हटलंय: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नाहीत, धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. मी कॉलच्या वेळा आणि नंबर लिहून काढले आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी दिलं. ३० दिवसांत दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं जाईन, हेही लिहिलं. वहिनीला येणारे फोन थांबले. मला येत राहिले, पण दिवसा आणि सभ्य भाषेत. मग मीही फोन उचलायला लागलो आणि जमणार नाही ती तारीख देणं बंद केलं.

पर्सनल लोन तडजोडीत मिटलं. क्रेडिट रिपोर्टमध्ये त्यापुढं 'सेटल्ड' असा शेरा आहे, त्यामुळं काही वर्षं बँक मला दारात उभं करणार नाही. कार्डाचं अजून बाकी आहे. पण त्याआधी मित्राच्या पगारातून कापली गेलेली रक्कम आहे. ती मी दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यावर पाठवतो. नको म्हणाला होता. मेहुण्यांनी त्याची समजूत काढली. ती पूर्ण फिटेपर्यंत कार्डाच्या बँकेला मी तडजोडीची रक्कम सांगणार नाही, आणि हे त्यांच्या माणसाला मी फोनवर सांगून टाकलंय.