चोर्ला उतरण्याआधी

बेळगावहून गोव्याला जाताना जांबोटी मागे पडलं की झाडी दाट होत जाते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ. तिथे हात जोडून पुढे चोर्ला घाट उतरायचा, साखळीमार्गे पणजी गाठायची.

आमची जुनी क्वालिस या वाटेला सरावलेली. यंदा मात्र निघायच्या आधी क्लचचं पेडल मऊ लागू लागलं, गियर कुरकुरत पडू लागला. उतारावर खालचा गियर वेळेवर पडला नाही, तर सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून आधी गॅरेज.

या गाडीचा क्लच तेलावर चालतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते नळीतून गियरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला पोचतं आणि क्लच सुटतो. आतली रबरं झिजली की दाब टिकत नाही. मेस्त्रींनी स्लेव्हचं रबरी टोपण सरकवलं, तर आत ओल! "दोघांचं वय एकच, दोन्ही बदला," ते म्हणाले.

मग हवा काढायचं काम. लेक पेडल दाबून धरायची, मेस्त्री निप्पल सैल करून बुडबुडे सोडायचे, परत आवळायचे. मगच तिने पाय उचलायचा. बुडबुडे थांबले, पेडल घट्ट झालं.

मुलांनो, घरची गाडी जुनी असेल तर निघण्याआधी तेलाची पातळी आणि पेडलच्या मुळाशी ओल आहे का, एवढं बघाच. चोर्ल्याच्या धुक्यात गाडी थांबवायला धड जागाही मिळत नाही.